ग्वेन स्टेसी आणि तो पूल: स्पायडर-मॅनची 1973 ची गोष्ट पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

2023 च्या जूनमध्ये ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांमध्ये लागला, त्यात मराठीही होती. त्या चित्रपटात ग्वेन माइल्सला, म्हणजे त्यातल्या तरुण स्पायडर-मॅनला, सांगते की बाकी प्रत्येक विश्वात ग्वेन स्टेसी स्पायडर-मॅनच्या प्रेमात पडते आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा शेवट वाईटच होतो. चित्रपट पाहणाऱ्या बऱ्याच जणांना ते वाक्य नुसतं उदास वाटलं असेल. ज्यांनी जुनी कॉमिक्स वाचली आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र एक पूल उभा राहिला.

तो पूल ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या 121 व्या अंकातला. मुखपृष्ठावर तारीख जून 1973, किंमत 20 सेंट. लेखन जेरी कॉनवेचं, चित्रं गिल केनची, त्यावर शाई जॉन रोमिता आणि टोनी मॉर्टेलारो यांची. जुलैच्या 122 व्या अंकात गोष्ट पुरी होते. दोन अंक म्हणजे जेमतेम चाळीसेक पानांचा मजकूर. पण नंतरच्या पन्नास वर्षांत सुपरहिरोंच्या गोष्टी कशा लिहायच्या, हे ठरवण्यात या पानांचा फार मोठा हात आहे.

स्पायडर-मॅन फक्त पडद्यावर पाहिलाय आणि कॉमिक कधी हातात घेतलेलं नाही, अशांसाठी हा लेख आहे. शेवट लपवण्यात अर्थ नाही, कारण गोष्टीचं नावच ‘द नाइट ग्वेन स्टेसी डाइड’ असं आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा: थेट 121 वा अंक उघडू नका. आधी ग्वेनला, म्हणजे स्पायडर-मॅनच्या प्रेयसीला, जिवंत भेटा. जी मुलगी आपल्याला माहीतच नाही, तिच्या मरणाचं आपल्याला काय वाटणार? आणि मग या गोष्टीचा एवढा बोलबाला का, हेही कळणार नाही.

पहिली पायरी: अंक मिळवा

मूळ अंक हा आता संग्राहकांचा मामला झालाय, त्या वाटेला जाऊ नका. नव्या वाचकाला सगळ्यात सोयीचा म्हणजे ‘डेथ ऑफ द स्टेसीज’ हा संग्रह. त्यात 88 ते 92 आणि 121-122 असे अंक एकत्र आहेत, म्हणजे आधी बापाचा मृत्यू आणि मग मुलीचा. मोबाइल किंवा टॅबवर वाचायचं असेल तर ‘मार्व्हल अनलिमिटेड’ हे वर्गणीचं अ‍ॅप आहे, त्यात ही जुनी मालिका ओळीने वाचता येते. मोबाइलवर वाचताना एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची सोय असते, ती 121 व्या अंकापुरती तरी बंद ठेवा. तिथे अख्खं पान एका नजरेत दिसणं महत्त्वाचं आहे.

इंग्रजी कॉमिक वाचायची सवय नसेल तर थोडी पूर्वतयारी. सगळी अक्षरं कॅपिटल असतात, त्यामुळे सुरुवातीला वाचायला वेळ लागतो. ठळक केलेल्या शब्दावर बोलणाऱ्याचा जोर असतो. ढगासारखा फुगा म्हणजे मनातला विचार, चौकोनी पट्टी म्हणजे निवेदकाचा आवाज. 1970 च्या आसपासची मार्व्हलची कॉमिक्स शब्दबंबाळ आहेत. जे चित्रात दिसतंय तेच पात्र तोंडानेही सांगतं. याचा कंटाळा येऊ शकतो, पण सरावाने नजर आपोआप निवड करायला लागते.

दुसरी पायरी: ग्वेनला जिवंत भेटा

पीटर पार्कर पहिल्यांदा आला ऑगस्ट 1962 मध्ये, ‘अमेझिंग फँटसी’च्या 15 व्या अंकात, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांच्या हातून. ग्वेन आली ती डिसेंबर 1965 च्या 31 व्या अंकात, पीटर कॉलेजात जातो तेव्हा. तिथेच त्याला हॅरी ऑस्बॉर्नही भेटतो. सुरुवातीची ग्वेन तोऱ्यातली आहे. हा अभ्यासू मुलगा आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही याचा तिला राग येतो. पीटरचं लक्ष नसतं, कारण घरी मे काकू आजारी आहे आणि तो त्याच काळजीत आहे. गैरसमजातून झालेली ही ओळख पुढे प्रेमात कशी बदलते, ते बघण्यासारखं आहे.

1966 मध्ये डिटको मालिका सोडून गेला आणि 39 व्या अंकापासून जॉन रोमिता आला. रोमिताने आधी प्रेमकथांची कॉमिक्स बरीच काढली होती आणि ते लगेच जाणवतं. चेहरे मऊ होतात, कॉफीच्या अड्ड्यावरच्या गप्पा मारामारीइतक्याच रंगतात. 42 व्या अंकाच्या शेवटी मेरी जेन पहिल्यांदा तोंड दाखवते आणि वाचकांचे दोन तट पडतात, ग्वेनवाले आणि मेरी जेनवाले. सगळे अंक वाचायला वेळ नसेल तर 31, 39, 40 आणि 42 वाचा. 39 आणि 40 वगळू नका. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक म्हणजे हॅरीचा बाप नॉर्मन ऑस्बॉर्न, हे तिथे उघड होतं. नॉर्मनला पीटरचं गुपित कळतं आणि मग त्याची स्मृती जाते. ही गेलेली स्मृती परत येण्याची टांगती तलवार पुढे कित्येक वर्षं गोष्टीवर आहे.

तिसरी पायरी: कॅप्टन स्टेसी

ग्वेनचा बाप जॉर्ज स्टेसी, निवृत्त पोलीस अधिकारी. नोव्हेंबर 1970 च्या 90 व्या अंकात स्पायडर-मॅन डॉक्टर ऑक्टोपसशी गच्चीवर झुंजत असतो. त्याने ऑक्टोपसच्या यांत्रिक हातांवर एक रसायन टाकलेलं असतं, त्यामुळे ते हात बेभान होतात आणि धुराडं कोसळतं. खाली रस्त्यावर एक लहान मूल असतं. म्हातारा कॅप्टन त्याला ढकलून वाचवतो आणि स्वतः विटांखाली सापडतो. मरताना तो स्पायडर-मॅनला ‘पीटर’ म्हणून हाक मारतो. त्याला सगळं माहीत होतं! आणि मागणं एकच: ग्वेनला सांभाळ.

हा अंक सावकाश वाचा. पीटरने केलेल्या युक्तीतूनच हे घडलं, आणि ग्वेन बापाच्या मृत्यूचा दोष स्पायडर-मॅनलाच देते. म्हणजे तिचा प्रियकर आणि तिचा शत्रू एकच माणूस आहे आणि तिला त्याचा पत्ता नाही. पीटरला तिला खरं सांगायचं असतं, तोंडापर्यंत येतं आणि राहून जातं. 1973 च्या त्या गोष्टीत ग्वेन मरते तेव्हाही पीटर हाच स्पायडर-मॅन हे तिला माहीत नसतं.

जमलं तर 96 ते 98 हे तीन अंकही बघा. अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने स्टॅन लीला अमली पदार्थांविरुद्ध गोष्ट लिहायला सांगितलं. 1954 पासून कॉमिक्सवर लक्ष ठेवणाऱ्या ‘कॉमिक्स कोड’ने अमली पदार्थांचा उल्लेख आहे म्हणून शिक्का नाकारला. मार्व्हलने 1971 मध्ये ते अंक शिक्क्याविना छापले आणि त्याच वर्षी कोडचे नियम सैल झाले. हॅरी गोळ्यांच्या आहारी जातो तो याच गोष्टीत. 121 व्या अंकाची वात इथेच पेटते.

चौथी पायरी: 121 वा अंक

मुखपृष्ठ रोमिताचं. स्पायडर-मॅनच्या मागे त्याच्या जवळच्या माणसांचे चेहरे, आणि तो म्हणतोय की माझ्या जवळचं कुणीतरी मरणार आहे, पण कोण? पहिल्या पानावर गोष्टीचं नाव नाही. ते शेवटच्या पानावर कळेल, असं सांगून ठेवलंय. तेव्हाच्या वाचकाला खरोखर माहीत नव्हतं. म्हातारी, आजारी मे काकूच जाणार असं कुणालाही वाटलं असतं. तिला मारण्याचा विचार झालाही होता, पण तिच्या ऐवजी ग्वेनचं नाव पुढे केलं रोमितानेच. जेरी कॉनवे तेव्हा अवघा 20 वर्षांचा होता. पीटर आणि ग्वेनचं प्रेम लग्नापर्यंत आलं होतं आणि नायक संसारी झाला तर तो म्हातारा दिसेल, ही भीती कार्यालयात होती. कॉनवेला स्वतःला मेरी जेन जास्त आवडायची.

गोष्ट साधी आहे. हॅरी पुन्हा गोळ्यांमुळे अंथरुणाला खिळलाय. धंद्याची चिंता आणि मुलाची अवस्था यांनी नॉर्मन पिचतो आणि त्याच्यातला गॉब्लिन जागा होतो. तो ग्वेनला उचलून पुलाच्या मनोऱ्यावर नेतो. पीटरला सर्दी-तापाने ग्रासलंय, हेही लक्षात ठेवा. तो पूर्ण ताकदीत नाही.

आता पुलाकडे जरा निरखून बघा. मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज म्हटलंय, जो मॅनहॅटनला न्यू जर्सीशी जोडतो आणि ज्याचे मनोरे पोलादी जाळीचे आहेत. चित्रातला मनोरा मात्र दगडी, म्हणजे ब्रुकलिन ब्रिजच्या वळणाचा. हा घोळ वाचक आजही चघळतात. मला तो खटकत नाही, कारण केनने काढलेल्या त्या जड दगडापुढे माणसं जी इवलीशी दिसतात, ती पोलादी जाळीपुढे दिसली नसती.

गॉब्लिन आपल्या उडत्या यंत्रावरून येतो आणि बेशुद्ध ग्वेनला खाली लोटतो. स्पायडर-मॅन जाळं सोडतो, ते तिच्या पायाला लागतं, ती हवेत थांबते. आणि तिच्या मानेजवळ लहान अक्षरांत एक आवाज लिहिलेला आहे: ‘स्नॅप’. घाईत वाचलं तर निसटून जाईल इतका छोटा शब्द. तिथे थांबा. मग पुढच्या चौकटी वाचा, कारण खरा घाव तिथे आहे. पीटर तिला वर ओढतो आहे आणि स्वतःवरच खूश आहे. माझ्यासारखा मीच, पडणाऱ्या पोरींना असं वाचवणारा दुसरा कोण, अशी त्याची बडबड चालू आहे. ती आपल्याला नेहमीची, ओळखीची बडबड वाटते. वाचकाला जे कळलंय ते त्याला कळायचं आहे. कॉमिकच्या पानावर चित्र, आवाज आणि संवाद एकमेकांच्या विरुद्ध कसे धावू शकतात, याचं इतकं नेमकं उदाहरण मी दुसरं वाचलेलं नाही.

पुलावरच्या त्या पानांत ग्वेनच्या तोंडी एकही शब्द नाही. ती सुरुवातीपासून बेशुद्ध आहे. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाचवी पायरी: तिला कशाने मारलं?

गॉब्लिन ओरडतो की जाळं पोचण्याआधीच ती मेली होती, एवढ्या उंचीवरून पडलं की माणूस जमिनीला लागण्याआधीच मरतो. हे खरं नाही, नुसत्या पडण्याने कुणी मरत नाही. वाचकांची पत्रं येऊ लागली आणि 125 व्या अंकाच्या पत्रांच्या पानावर मार्व्हलने उत्तर दिलं: जाळ्याने तिला एकदम थांबवलं, त्या हिसक्याने ती गेली.

भौतिकशास्त्र यालाच दुजोरा देतं. मिनेसोटा विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी सुपरहिरोंच्या भौतिकशास्त्रावरच्या आपल्या 2005 च्या पुस्तकात या प्रसंगाचं गणित मांडलंय. आपणही करून बघू. साधारण 90 मीटर खाली पडलेल्या माणसाचा वेग सेकंदाला 42 मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर होतो. हा वेग अर्ध्या सेकंदात शून्यावर आणायचा तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या साडेआठ पटींचा झटका बसतो. भरधाव बसने करकचून ब्रेक मारला की उभ्या माणसाची मान कशी पुढे फेकली जाते, तेच इथे कित्येक पटींनी. वाचवायचं तर थांबायला जास्त वेळ मिळाला पाहिजे, जाळं लांबवर ताणलं गेलं पाहिजे, किंवा स्वतः उडी मारून, तिच्याबरोबर पडत तिला धरलं पाहिजे.

म्हणून ही गोष्ट वेगळी. 1938 पासून नायिका उंचावरून पडायची आणि नायक तिला झेलायचा, हा सुपरहिरोंचा ठरलेला खेळ होता. इथे नायकाने उशीर केला नाही, त्याचा नेमही चुकला नाही. त्याने नेहमी जे केलं तेच केलं आणि तेच जिवावर बेतलं.

सहावी पायरी: 122 वा अंक त्याच बैठकीत वाचा

मध्ये दिवस जाऊ देऊ नका. पीटर गॉब्लिनचा माग काढतो, त्याला बेदम मारतो आणि शेवटच्या क्षणी हात आवरतो. गॉब्लिन मरतो तो स्वतःच्याच यंत्राच्या टोकाने. सूड घेऊन काय मिळालं, याचं उत्तर पीटरजवळ नसतं, आणि कॉनवे ते जबरदस्तीने देतही नाही.

शेवटचं पान मात्र माझ्या मते दोन्ही अंकांतलं सर्वांत सुंदर आहे. पीटर घरी येतो, मेरी जेन तिथे आहे. नाचगाण्यात रमणारी, कशाचंच फारसं मनावर न घेणारी पोरगी. तो तिला वाटेल ते बोलतो, जा म्हणतो. ती रडत दारापर्यंत जाते. दार उघडं आहे. थांबते. आणि दार आतून लावून घेते. मेरी जेनचं पात्र पुढे जे काही झालं, ते या शब्दांविना काढलेल्या चौकटींतून उगवलं.

सातवी पायरी: पुढे काय झालं

वाचकांचा संताप इतका की स्टॅन लीला कॉलेजांतल्या भाषणांत लोकांनी फैलावर घेतलं. ग्वेनला परत आणा म्हणून दबाव आला आणि 1975 मध्ये कॉनवेने 144 ते 149 या अंकांत तिची प्रतिकृती आणली. ती ग्वेन नाही हे शेवटी तिलाच कळतं आणि ती निघून जाते. सुपरहिरोंच्या जगात मेलेली माणसं सर्रास परत येतात, नॉर्मन ऑस्बॉर्नसुद्धा 1996 मध्ये परतला. मूळ ग्वेन मात्र आली नाही. अनेक जाणकार 1956 मध्ये सुरू झालेल्या ‘सिल्व्हर एज’ या कॉमिक्सच्या कालखंडाचा शेवट याच अंकापाशी मानतात.

दुसरा परिणाम चांगला नाही. नायकाला दुःख द्यायचं असेल तर त्याची प्रेयसी मारा, हा सोपा मार्ग लेखकांना सापडला. 1999 मध्ये गेल सिमोन या लेखिकेने ‘विमेन इन रेफ्रिजरेटर्स’ नावाची यादी केली. कॉमिक्समध्ये ज्या स्त्रियांना मारलं, अपंग केलं, त्यांची शक्ती काढून घेतली, त्यांची ती यादी. नाव 1994 च्या ‘ग्रीन लँटर्न’मधल्या एका प्रसंगावरून आलं, पण ग्वेनचा पूल त्या चर्चेत पुन्हा पुन्हा येतो, आणि तो यायलाच हवा. आपल्याच मृत्यूच्या प्रसंगात जिला बोलायला मिळालं नाही, ती कुणाच्या गोष्टीत मेली? पीटरच्या. 1973 चा अंक मला मनापासून प्रिय आहे आणि हा आक्षेपही मला पूर्ण पटतो.

त्याला सगळ्यात चांगलं उत्तर 2014 मध्ये आलं. ‘एज ऑफ स्पायडर-व्हर्स’च्या दुसऱ्या अंकात जेसन लाटूर आणि रॉबी रॉड्रिग्ज यांनी अशी ग्वेन उभी केली, जिला स्वतःलाच कोळी चावतो आणि पीटर मरतो. पांढऱ्या टोपीवाला तिचा पोशाख झपाट्याने लोकप्रिय झाला, तिला स्वतःची मालिका मिळाली आणि तीच पुढे 2018 आणि 2023 च्या अ‍ॅनिमेशनपटांत आली.

आठवी पायरी: आता चित्रपट पुन्हा बघा

2002 च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये पूल आहे, गॉब्लिन आहे, लोंबकळणारी मेरी जेन आहे. तिथे ती वाचते, आणि गॉब्लिनचा मृत्यू थेट 122 व्या अंकातला. 2014 च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन 2’मध्ये पुलाच्या जागी घड्याळाचा मनोरा आहे, आणि ग्वेनचा हिरवा कोट व जांभळा स्कर्ट जुन्या अंकाची आठवण म्हणून तिला घातलेला आहे. 2021 च्या ‘नो वे होम’मध्ये अँड्र्यू गारफिल्डचा पीटर पडणाऱ्या एमजेच्या मागे स्वतः झेपावतो आणि तिला दोन्ही हातांत धरतो. पाचव्या पायरीतलं गणित माहीत असेल तर हा प्रसंग दुप्पट भिडतो.

‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ला तर या वाचनाशिवाय अर्धाच अर्थ आहे. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात जवळचा पोलीस अधिकारी मरणं अटळ आहे, असं त्यातला मिगेल, दुसऱ्या विश्वातला स्पायडर-मॅन, सांगतो. ते 90 व्या अंकातल्या कॅप्टन स्टेसीवरून आलंय. आणि तो नियम पहिल्यांदा आपल्या डोळ्यांसमोर मोडतो तो मुंबाटनमध्ये, पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडर-मॅनच्या गावी, जिथे माइल्स इन्स्पेक्टर सिंगला वाचवतो. मूळ कॉमिकमध्ये हा पवित्र मुंबईत राहतो. 2004 मध्ये ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ या चार अंकांच्या मालिकेत शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी त्याला जन्म दिला, धोतरासकट. त्यात गॉब्लिनच्या जागी राक्षस होणारा नलिन ओबेरॉय आहे. 121-122 नंतर ती मालिका वाचली तर कुठला धागा कुठून घेतला ते नीट उमगतं.

पुढे काय वाचावं, काय सोडावं

‘मार्व्हल्स’ (1994) या कर्ट ब्युसिक आणि अ‍ॅलेक्स रॉस यांच्या मालिकेचा चौथा अंक आधी घ्या. त्यात हाच मृत्यू एका सामान्य छायाचित्रकाराच्या नजरेतून दिसतो आणि ग्वेन तिथे थोडी मोकळी बोलते. नंतर जेफ लोब आणि टिम सेल यांची ‘स्पायडर-मॅन: ब्लू’. पीटर टेपरेकॉर्डरसमोर बसून ग्वेनशी बोलतो, एवढीच तिची चौकट. 2004 ची ‘सिन्स पास्ट’ नव्या वाचकाने सोडून द्यावी. ग्वेनच्या भूतकाळात तिने नको ते घुसडलंय आणि मूळ गोष्ट त्याने मळते. मुलांना वाचायला देणार असाल तर बारा-तेरा वर्षांच्या पुढे द्या आणि 122 वा अंक वाचून होईपर्यंत शेजारी बसा. प्रश्न येतात, विशेषतः ‘मग त्याने काय करायला हवं होतं?’ हा. तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन पाचव्या पायरीतलं गणित त्यांच्याबरोबर सोडवा.